दुरून पेटणारा विस्तव

घरातला विस्तव आपल्याकडे सदैव कोणाच्या ना कोणाच्या राखणीत असे. रात्री चुलीतला निखारा राखेखाली पुरून ठेवावा, पहाटे राख सारून त्यावर फुंकर घालावी, आणि तो विझलाच तर शेजारून विस्तव मागून आणावा, ही रीत आपल्यापैकी अनेकांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. पेटवणारा हात आणि पेटलेला अग्नी यांच्यामध्ये फुंकणीच्या लांबीहून अधिक अंतर नसे. अंतर थोडे होते म्हणूनच विस्तवाची खोडीही चटकन कळे. लाकूड ओले असले की डोळे चुरचुरत आणि ठिणगी उडाली की पदर सावरला जाई.

ब्रिटनमध्ये आणि थंड हवेच्या इतर काही देशांत आज असा अग्नी आहे की, जो पेटवण्यासाठी कोणाला जागेवरून उठावेही लागत नाही. बैठकीच्या खोलीत भिंतीतल्या कोनाड्यामध्ये कोळशासारखे किंवा लाकडाच्या ओंडक्यासारखे दिसणारे मातीचे तुकडे रचलेले असतात. खुर्चीत बसलेला मनुष्य हातातल्या रिमोटच्या कळा दाबतो. कोनाड्यात टिकटिक असा आवाज होतो, एक लहानशी ज्योत उजळते आणि थोड्याच वेळात त्या तुकड्यांमधून पिवळ्या ज्वाळा खेळू लागतात. आपल्याकडे ‘गॅसची शेगडी’ म्हटले की स्वयंपाकाची शेगडी डोळ्यांपुढे येते. ही ती नव्हे. ही केवळ ऊब घेण्यासाठी आहे. म्हणून या भाषणापुरते आपण तिला गॅसची आगटी म्हणू.

या आगटीला सुमारे सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातील एकाच सूत्राकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. माणूस अग्नीपासून जसजसा दूर सरकत गेला तसतशी त्याच्या इंद्रियांना मिळणारी एकेक सूचना नाहीशी होत गेली. धूर गेला, वास गेला, हाताचा स्पर्श गेला, अखेर ज्योतीच्या रंगाचीही ओळख गेली. नाहीशी झालेली प्रत्येक सूचना दुसऱ्या कोणत्या तरी रूपाने परत मिळवावी लागली आणि ती मिळेपर्यंत माणसांचे प्राण जात राहिले. शासकीय कामात ज्यांना नियमावल्या चाळाव्या लागतात त्यांना हे ठाऊक असते की, कलम कितीही रुक्ष वाटले तरी त्याच्या पाठीशी बहुधा एखाद्या दुर्घटनेची चौकशी उभी असते. गॅसच्या आगटीचे नियमही त्याला अपवाद नाहीत.

प्रथम कोळशाचा विचार करू. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी घरात खोलीखोलीतून दगडी कोळसा जळत असे. धूर धुराड्यावाटे वर जाई. धुराड्याचे तत्त्व साधे आहे. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी खोलीतील हवा आत ओढली जाते. ही ओढ चालू असेपर्यंत खोली सुरक्षित असते. पक्ष्याच्या घरट्याने किंवा काजळीने धुराडे तुंबले, तर धूर उलटा खोलीत येतो. डोळ्यांत पाणी आणतो, खोकला काढतो आणि माणसाला बाहेर हाकलतो. धूर हा शत्रू खरा, पण आरडाओरडा करीत येणारा शत्रू. घरातून बाहेर पडलेला हाच धूर गावावर मात्र साचून राही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस जे विषारी धुके बसले, त्यात सुमारे चार हजार माणसे दगावली असा त्या वेळचा अंदाज होता. पुढील संशोधकांनी हा आकडा बारा हजारांच्या आसपास नेला आहे. १९५६ साली ब्रिटिश पार्लमेंटने स्वच्छ हवेचा कायदा केला, कोळशाच्या घरगुती धुरावर बंधने आली आणि जुन्या कोनाड्यांतून कोळशाच्या जागी गॅसच्या आगट्या मोठ्या संख्येने बसू लागल्या.

गॅस मात्र त्याच्या पुष्कळ आधी आलेला होता. फ्रान्समध्ये फिलिप लबाँ याने १७९९ साली ‘थर्मोलॅम्प’ या यंत्राचा एकाधिकार घेतला. लाकडापासून निघणाऱ्या वायूने घराला प्रकाश आणि ऊब ही दोन्ही एकाच वेळी पुरवावीत, अशी त्याची कल्पना होती. त्यापूर्वी १७९२ च्या सुमारास विल्यम मर्डॉक या स्कॉटिश अभियंत्याने कॉर्नवॉलमधील रेड्रुथ येथील आपल्या घरात दगडी कोळशाच्या गॅसचे दिवे लावले होते. १८०७ साली लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर असे दिवे लागले आणि १८१२ मध्ये ‘गॅसलाइट अँड कोक कंपनी’ला सनद मिळाली. लबाँच्या कल्पनेतील प्रकाशाचा भाग असा लौकर साधला. उबेचा भाग मात्र मागे राहिला. याचे कारण ज्योतीच्या स्वभावात आहे. उजेड देणारी पिवळी ज्योत काजळी धरते. तिच्यात जळण पुरतेपणी जळत नाही. १८५५ साली हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन याच्या प्रयोगशाळेत जो बर्नर सिद्ध झाला, त्यात गॅस जळण्यापूर्वीच त्यात हवा मिसळली जाते. त्यामुळे ज्योत निळी, जवळजवळ निस्तेज, पण अतिशय उष्ण होते. दिव्याच्या दृष्टीने निरुपयोगी असलेली ही ज्योत उबेच्या दृष्टीने मोलाची ठरली.

तरीही गॅसकंपन्यांना उबेच्या व्यवहाराची निकड भासली ती विजेच्या धास्तीने. १८७९ च्या सुमारास स्वॉन आणि एडिसन यांचे विजेचे दिवे यशस्वी झाले आणि गॅसच्या दिव्याचे भवितव्य डळमळू लागले. १८८५ मध्ये वेल्सबाखने शोधलेल्या जाळीच्या मँटलने त्याला काही दशके जीवदान दिले, परंतु दूरदृष्टीच्या व्यवस्थापकांनी स्वयंपाकघराकडे आणि बैठकीच्या कोनाड्याकडे मोर्चा वळवला. त्याच दशकात लंडनमध्ये सिगिस्मंड लिओनी याने निळ्या ज्योतीवर अॅस्बेस्टॉसचे झुबके तापवून लाल करण्याची युक्ती रूढ केली. ज्योत स्वतः ऊब फेकीत नाही, तर तिने तापलेले तंतू ती खोलीत फेकतात, हे तिचे मर्म. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अॅस्बेस्टॉसच्या जागी जाळीदार मातीचे उभे स्तंभ आले. ब्रिटिश घरातील आगटीचे अर्धशतकाहून अधिक काळ टिकलेले परिचित रूप ते हेच.

येथून संकटाच्या इतिहासाला आरंभ होतो. दगडी कोळशाच्या गॅसमध्ये हायड्रोजन आणि मिथेन यांच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असे. त्याचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास, कधी त्याहून अधिक असे. या वायूला ना रंग, ना वास, ना चव. तो डोळे झोंबवीत नाही, खोकला आणीत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. परंतु कार्बन मोनॉक्साइडशी त्याची जवळीक प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट आहे. म्हणून हवेत अल्प प्रमाणात असलेला हा वायू हळूहळू सारे रक्त व्यापतो आणि भरल्या हवेत माणसाचा जीव गुदमरतो. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास याचे रहस्य उलगडण्यास प्रारंभ केला. १८९५ मध्ये इंग्लंडात जॉन स्कॉट हॉल्डेन याने मोजून घेतलेला विषारी वायू स्वतः हुंगून, आपल्याच रक्ताचे नमुने तपासून त्याचे परिणाम नोंदवले. लहान प्राण्यांचा श्वासोच्छ्वास जलद असल्याने त्यांच्यावर हा परिणाम माणसाच्या आधी होतो, हे त्याने दाखवले. खाणीत पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेण्याची प्रथा त्यातूनच पडली आणि ब्रिटनमध्ये ती १९८६ पर्यंत चालू होती. माणसाच्या नाकाला जे कळत नव्हते ते कळवण्याचे काम त्या चिमुकल्या पाखरावर सोपवले गेले होते.

खाणीतील माणसाला पाखराची सोबत तरी होती. घरात न्हाणाऱ्याला तीही नव्हती. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन मॉन याने गॅसवर क्षणात पाणी तापवणारे यंत्र बनवले आणि आइसलँडातील उष्ण कारंज्यांवरून त्याला ‘गीझर’ असे नाव दिले. हा शब्द आज आपल्या घराघरांत रुळला आहे. त्या पहिल्या यंत्राला धुराडेच नव्हते. जळून गेलेला वायू सरळ न्हाणीघरात पसरे. गॅसमध्ये मुळात विष नसले तरी जळताना हवा अपुरी पडली की विष तयार होते, हे सत्य कळण्यास माणसाला फार किंमत मोजावी लागली. ‘धूर दिसत नाही, म्हणजे धुराड्याची गरज नाही’ हा भ्रम त्याच्या मुळाशी होता.

दुसरे संकट विझण्याचे. १८९० च्या सुमारास नाणे टाकताच ठराविक गॅस देणारे मीटर गरीब वस्तीतून बसू लागले. त्यांच्यामुळे कामगारांच्या घरी गॅस पोहोचला, ही त्यांची थोर सेवा होय. परंतु नाण्यापुरता गॅस संपला की ज्योत आपोआप विझे आणि चावी मात्र उघडीच राही. पुढे कोणी दुसरे नाणे टाकले की, न पेटलेला विषारी गॅस निजलेल्या माणसाच्या खोलीत शिरे. चुलीतला निखारा विझला तर घर थंड पडते, एवढेच. गॅसची ज्योत विझली तर ती विझल्यानंतरच घातक होते. अग्नी विझल्याची वार्ता देणारा पहारेकरी आता आवश्यक झाला होता.

हा पहारेकरी कसा निर्माण झाला ती हकीकत मनोरंजक आहे. १८२१ मध्ये थॉमस सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाला असे आढळले होते की, दोन भिन्न धातूंच्या तारा जोडून तो सांधा तापवला असता विद्युत् परिणाम उत्पन्न होतो. अशा जोडीला थर्मोकपल म्हणतात. सुमारे शंभर वर्षांनंतर अभियंत्यांनी ती गॅसच्या बर्नरपाशी आणून बसवली. मोठ्या बर्नरजवळ एक बारीक ज्योत तेवत ठेवावयाची. तिला पायलट म्हणतात, आपण नंदादीप म्हणू. तिच्यात थर्मोकपलचे टोक असते. त्यातून निघणारा विजेचा दाब व्होल्टच्या काही शतांशांइतकाच, परंतु तेवढ्याने एक छोटा विद्युत्‌चुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. नंदादीप विझला की सांधा निवतो, चुंबकाचे बळ सरते आणि कमानीच्या जोराने झडप बंद होते. यातील एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. त्या क्षीण विजेत झडप उघडण्याची ताकद नसते. आधीच उघडलेली झडप धरून ठेवण्याएवढीच असते. म्हणून जुन्या आगटीची चावी पेटवताना काही सेकंद दाबून धरावी लागे. पेटवण्याचा अधिकार माणसाच्या बोटाकडे आणि बंद करण्याचा अधिकार यंत्राकडे, अशी ही शहाणी वाटणी होती. यंत्रात काहीही बिघडले तरी परिणाम एकच: गॅस बंद.

तिसरी सूचना वासाची. दगडी कोळशाच्या गॅसला गंधकयुक्त द्रव्यांमुळे मूळचाच उग्र दर्प असे. नैसर्गिक गॅसला तसा वास नसतो. अमेरिकेत टेक्सास राज्यातील न्यू लंडन या गावच्या शाळेत १८ मार्च १९३७ रोजी गळलेला नैसर्गिक गॅस इमारतीखाली साठला आणि विजेच्या एका हत्याराच्या ठिणगीने त्याचा स्फोट झाला. सुमारे तीनशे जीव गेले. त्यांत बहुतेक विद्यार्थी होते. गळती कोणाला जाणवलीच नव्हती, कारण जाणवण्यासारखे तेथे काही नव्हते. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळण्याचा कायदा केला आणि ही प्रथा सर्वत्र पसरली. आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरच्या गॅसला जो कुजका दर्प येतो तो गॅसचा नव्हे. तो मर्कॅप्टन या द्रव्याचा, मुद्दाम घातलेला वास आहे. आपण नाक मुरडतो त्या वासाच्या पाठीशी त्या शाळेतील मुले उभी आहेत.

ब्रिटनमध्ये उत्तर समुद्रात १९६५ साली नैसर्गिक गॅस सापडला. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत घरोघर फिरून सुमारे चार कोटी उपकरणांचे बर्नर बदलण्यात आले. नव्या गॅसमध्ये मूळचा कार्बन मोनॉक्साइड नव्हता, त्यामुळे नुसत्या गळतीने होणारी विषबाधा संपली. पण नीट न जळण्यातून होणारी संपली नाही, आणि स्फोटाचे भय तर कायमच राहिले. १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमधील ‘रोनन पॉइंट’ या बावीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर एका रहिवाशी बाईने पहाटे चहासाठी काडी ओढली आणि स्फोटाने इमारतीचा एक संपूर्ण कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसे मेली, सतरा जखमी झाली. चौकशीत कारण निघाले ते शेगडीची नळी जोडणारे पितळेचे एक निकृष्ट नट. जुने घर पडले असते तर कदाचित एक भिंत पडली असती. येथे बांधणीचा दोष आणि जोडणीचा दोष एकमेकांना मिळाले. १९७० मध्ये गॅसचे काम करणाऱ्यांची नोंदणी करणारी संस्था स्थापन झाली आणि १९७२ मध्ये गॅससुरक्षेचे नियम आले. आज तेथे १९९८ चे नियम लागू आहेत आणि २००९ पासून ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये ज्याचे नाव आहे त्यानेच गॅसचे काम करावे असा दंडक आहे. पितळी नट कोणी आवळले, या प्रश्नाला कायद्याने असे उत्तर दिले.

आता आपल्या मूळ विषयाकडे, रिमोटच्या आगटीकडे वळू. वर वर्णन केलेल्या व्यवस्थेत पेटवण्याचे बोट तेवढे माणसाचे उरले होते. रिमोटने तेही काढून घेतले. हातातील पेटीतून रेडिओलहरींनी किंवा अवरक्त किरणांनी संदेश जातो. आगटीच्या तळाशी बसवलेला ग्राहक तो घेतो. बॅटरीच्या बळावर ठिणगी पाडतो, झडप उघडतो, नंदादीप पेटला याची खात्री झाल्यावर मोठ्या बर्नरला गॅस सोडतो आणि एक लहानशी मोटर ज्वाळांची उंची कमीअधिक करते. विझली ज्योत ओळखणारा पहारेकरी तेथेही असतोच. चुकून किंवा मुलाच्या हातून आगटी पेटू नये म्हणून पुष्कळ रिमोटांवर पेटवण्यासाठी दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. काही आगट्यांत आणखी एक युक्ती असते. खोलीतील प्राणवायू शेकडा एकवीसवरून अठराच्या आसपास उतरला की नंदादीपाची ज्योत उचलली जाते, थर्मोकपलपासून दूर होते आणि गॅस थांबतो. खाणीतील कॅनरीचे काम आता खुद्द ज्योतच करते.

परंतु याच काळात एक सूचना पुन्हा हरपली. निळी ज्योत चांगली आणि पिवळी वाईट, हा बुन्सेनच्या काळापासूनचा साधा ठोकताळा गृहिणींनाही ठाऊक झाला होता. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत लोकांना कोळशाची जुनी शोभा हवीशी वाटू लागली आणि ज्वाळा मुद्दाम पिवळ्या करण्यात आल्या. अशा आगटीत रंगावरून दोष ओळखणे कठीण. म्हणून मातीचे कोळसे निर्मात्याने आकृतीत दाखवल्याप्रमाणेच रचावे लागतात. हौसेने एखादा तुकडा हलवला किंवा अधिकचा घातला, तर ज्वाळेचा मार्ग अडतो, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. मागे डाग पडणे, तुकड्यांवर काळे साचणे, खोलीच्या काचांवर नेहमीहून अधिक दव धरणे, ही आता रंगाच्या ऐवजी पाहावयाची लक्षणे आहेत.

बसवणीचा क्रमही याच इतिहासातून आला आहे. प्रथम धुराडे झाडून घ्यावयाचे, मग त्यात धूर सोडून ओढ तपासावयाची. आगटीखालचा ओटा न जळणाऱ्या वस्तूचा असावयाचा. नळीची जोडणी गळत नाही याची आणि गॅसचा दाब योग्य आहे याची मापनाने खात्री करावयाची. नंतर दारे-खिडक्या लावून आगटी काही वेळ पेटती ठेवून तिच्या तोंडाशी धुराची काडी फिरवावयाची. धूर आत ओढला गेला तरच काम पुरे. घरात कोठे हवा बाहेर फेकणारा पंखा असेल तर तो चालू ठेवूनही ही परीक्षा घ्यावी लागते, कारण स्वयंपाकघरातील पंखा धुराड्याची ओढ उलटी फिरवू शकतो. मोठ्या ज्वाळांच्या उघड्या आगटीसाठी भिंतीत कायमचा झरोका लागतो आणि थंडी लागते म्हणून तो चिंध्यांनी बुजवणे म्हणजे आपला गळा आपणच आवळणे होय. काचेने बंद केलेल्या, एकात एक अशा दोन नळ्यांनी बाहेरचीच हवा घेऊन बाहेरच धूर सोडणाऱ्या आगट्या या दृष्टीने अधिक निर्धोक असतात. मात्र त्यांची काच भाजून काढण्याइतकी तापते. १९०८ च्या बालकविषयक कायद्याने ब्रिटनमध्ये उघड्या आगटीजवळ आडोसा न लावणाऱ्या आणि त्यामुळे मूल भाजल्यास दोषी ठरणाऱ्या पालकाला दंड सांगितला होता. १९५२ मध्ये आडोसा लावूनच शेगड्या विकण्याची सक्ती झाली, आणि २०१५ पासून अमेरिकेतही तापणाऱ्या काचेपुढे जाळी बसवणे मानकाने आवश्यक ठरवले. शतक उलटले तरी मुलांचे हात तेवढेच लहान आणि तेवढेच जिज्ञासू राहिले आहेत.

आगटी वापरताना पाळावयाचे नियम त्यामानाने थोडे आहेत. ज्या खोलीत आपण नाही तेथील आगटी दुरून पेटवू नये. तिच्यापुढे कोणी ओले कपडे वाळत घातले असतील, कोणी उशी ठेवली असेल. ज्योत पेटता पेटता विझली, तर पुस्तिकेत सांगितलेली काही मिनिटे थांबल्याखेरीज पुन्हा कळ दाबू नये. साचलेला गॅस निघून जाण्यास तेवढा अवधी लागतो. बॅटऱ्या हिवाळ्याच्या आरंभीच बदलाव्या, रिमोट मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नये, आणि रिमोट हरवला तर आगटी हाताने बंद कशी करावयाची व गॅसची मुख्य चावी कोठे आहे, हे घरातील प्रत्येक जाणत्या माणसाला ठाऊक असावे. वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखून गजर करणारे यंत्र खोलीत लावावे. घरातील सर्वांचेच डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळले, चक्कर आली आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यावर बरे वाटले, तर तो सर्दीतापाचा प्रकार नव्हे. गॅस बंद करावा, खिडक्या उघडाव्या, बाहेर पडावे आणि वैद्याला गाठावे. गॅसचा वास आला तर मात्र विजेच्या कोणत्याही बटनाला हात लावू नये.

हा सारा दूरदेशचा इतिहास आपण कशासाठी ऐकावा, असे कोणी विचारील. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ मध्येच लागले होते आणि सिलिंडरचा गॅस आपल्या स्वयंपाकघरात १९५५ नंतर येऊ लागला. म्हणजे गॅस आपल्याला नवा नाही. बैठकीतल्या आगटीची गरज मात्र कोकणात वा देशावर कोणाला पडत नाही. पण आपली माणसे आज सिमल्यात, श्रीनगरात, दार्जिलिंगला, दिल्लीच्या कडक थंडीत नोकरीनिमित्त राहतात, आणि तेथे रात्री दारे-फटी बंद करून, धुराडे नसलेली सिलिंडरची शेगडी उशाशी ठेवून निजण्याचा मोह होतो. इकडे मुंबई, पुणे, नाशिकच्या सदनिकांतून बंद न्हाणीघरात गॅसचे गीझर बसतात. मॉनच्या पहिल्या यंत्रातील चूक दीडशेहून अधिक वर्षांनंतर आपल्या घरात पुन्हा घडते, आणि सकाळी न्हाण्यास गेलेले मूल वेळेवर बाहेर आले नाही अशी बातमी दर हिवाळ्यात वाचावी लागते. गीझर न्हाणीघराच्या बाहेर हवेशीर जागी बसवावा, जळलेला वायू नळीने बाहेर सोडावा, पेटत्या शेगडीसमोर बंद खोलीत निजू नये, एवढे तीन नियम पाळले गेले तर त्यांतील कितीतरी बातम्या छापाव्या लागणार नाहीत.

यंत्राने माणसाची पुष्कळ कामे उचलली. विझलेली ज्योत ते ओळखते, हवा कमी पडली की थांबते, आज्ञा झाली तरच पेटते. परंतु धुराड्यात घरटे झाले आहे का हे पाहण्यास ते छपरावर चढत नाही. झरोक्यात कोणी चिंधी कोंबली तर ती काढीत नाही. पितळेचे नट निकृष्ट आहे हे जोडणाऱ्याला सांगत नाही. ती राखण अजून माणसाकडेच आहे. पूर्वीची गृहिणी झोपण्यापूर्वी चुलीपाशी जाऊन निखारा नीट पुरला आहे की नाही हे एकवार पाहून येई. अग्नी आता भिंतीत गेला, कळ हातात आली; तरी निजण्यापूर्वीचा तो एक फेरा आजही प्रत्येक घरात चालू राहावयास हवा.